सरकवून न येणारी नक्षी

(जेवणाचं टेबल. त्यावर चौकटींचे कागद, पेन्सिली, कात्री. कोडी रचणारी ताई, तिचा धाकटा भाऊ. आई स्वयंपाकघरातून ये-जा करते आहे.)

ताई: चुकलं. पुन्हा बघ.

धाकटा: काय चुकलं? पाच गुणिले पाच घरं. प्रत्येक आडव्या ओळीत एक काळं, प्रत्येक उभ्या ओळीत एक काळं. कुणी कुणाला चिकटलेलं नाही, कोपऱ्यानंसुद्धा नाही. अजून काय जीव घेतेस?

ताई: तिसऱ्या ओळीत पहिलं घर काळं केलंस आणि चौथ्या ओळीत पाचवं.

धाकटा: मग? एक ह्या टोकाला, दुसरं त्या टोकाला. मध्ये मैदान पडलंय.

ताई: हा तुकडा भिंतीवर सगळीकडे पुन्हा पुन्हा छापायचाय, सांधा न दिसता. उजवी कड संपली की लगेच ह्याचीच डावी कड सुरू. तिथे तुझे दोघे कोपऱ्याला कोपरा लावून बसलेत.

धाकटा: अच्छा. म्हणजे कड नाहीच.

ताई: नाहीच. वर-खालीही नाही. कोपऱ्यातून सुरू कर. एक घर खाली, दोन उजवीकडे. कडेबाहेर गेलास की पलीकडून आत ये.

धाकटा: पहिलं, तिसरं, पाचवं... आता बाहेर जाऊन आत... दुसरं, चौथं. झालं?

ताई: झालं. हेच उत्तर, आणि हे एकच. आता फोन करते मी पेपरात. बाराच्या आत कळवायचंय.

आई: आधी टेबल मोकळं करा. मग कुणाला कळवायचं ते कळवा.

धाकटा: थांब ताई. हे बघ. पाचवं, दुसरं, चौथं, पहिलं, तिसरं. हेही बसतंय. म्हणजे दोन उत्तरं. गेलं तुझं कोडं.

ताई: ते दुसरं नाही.

धाकटा: डोळ्यांना तर दुसरं दिसतंय.

ताई: पहिल्याच्या चार प्रती काढून जोडून ठेवल्यात मी. ह्या कागदाला पाच गुणिले पाच घरांची खिडकी कापलीय. ठेव वर. आता एक घर उजवीकडे सरकव. काय दिसतंय?

धाकटा: ...माझं.

ताई: भिंतीवर लावलं तर तुझं कोणतं आणि माझं कोणतं, सांगता येईल? जे सरकवून मिळतं ते एकच.

धाकटा: हा नियम आत्ता काढलास.

ताई: कोड्याखाली लिहिलाय. वाचायची सवय लाव.

आई: मागच्या रविवारी कुठे गेला होता हा नियम? सकाळपासून फोन. दोन उत्तरं, दोन उत्तरं. मला वाटलं कुणाला जुळं झालं.

ताई: आई, नको ना.

आई: त्या संपादकबाई काय म्हणाल्या ते सांगितलंस का ह्याला?

धाकटा: काय म्हणाल्या?

ताई: म्हणाल्या, आणखी एकदा असं झालं तर सदर बंद. त्यांच्याकडे आता एक यंत्र आलंय. चहा ढवळून होईतो शंभर कोडी काढतं. पगार मागत नाही, रुसत नाही.

धाकटा: नऊ वर्षांचं सदर?

ताई: नऊ वर्षांचं.

धाकटा: मागच्या रविवारचं मला दाखवलं नव्हतंस.

ताई: तू हसतोस.

धाकटा: मी चुकीला हसतो. तुला नाही.

ताई: ऐकताना दोन्ही सारखंच येतं.

आई: ताटं आणू का तुमच्या भिंतीवरच मांडू?

धाकटा: पाच मिनिटं, आई. ताई, फोन ठेव खाली. मघाशी मी तू सांगितलंस तसं केलं. आता माझं मी करतो. कोरा कागद दे.

ताई: उजवीकडून काय सुरू करतोस?

धाकटा: डावखुरा माणूस उजवीकडूनच सुरू करतो. डावीकडून केलं की हाताखाली सगळं काळं होतं. पाचवं. एक खाली, दोन डावीकडे. तिसरं. पहिलं. बाहेर जाऊन आत, चौथं. दुसरं. घे.

ताई: हे तर आरशातलं आहे.

धाकटा: असेल. खिडकी ठेव आणि सरकवून दाखव.

ताई: (खिडकी सरकवत) इथे नाही. इथेही नाही.

धाकटा: उजवीकडे सरकव. खाली सरकव. कुठेही सरकव.

ताई: नाही येत. माझी नक्षी उजवीकडे उतरते, तुझी डावीकडे. नाहीच येणार. अरे, दोन आहेत.

आई: हसला नाही तो.

ताई: पाहिलं मी. महिनाभर घासतेय हे कोडं. प्रत्येक वेळी डावीकडून सुरू केलं. प्रत्येक वेळी एकच उत्तर आलं. येणारच होतं.

धाकटा: यंत्राला दोन्ही सापडली असती?

ताई: त्याला हात नाहीत ना. डावा-उजवा करायचा प्रश्नच नाही.

धाकटा: मग आता? बारा वाजायला आले.

ताई: सोपं आहे. दोन काळी घरं आधीच छापून द्यायची. पहिल्या ओळीतलं पहिलं. आणि दुसऱ्या ओळीतलं एक. तिथे दोनच जागा उरतात, तिसरी किंवा चौथी. तिसरी दिली तर उत्तर माझं. चौथी दिली तर तुझं.

धाकटा: तिसरी दे. कोडं तुझं आहे.

ताई: तिसरी दिली तर सगळे माझ्यासारखेच घसरत खाली जातील. विचार कोण करणार? (फोनवर) हो, मीच. कोडं तयार आहे. एकच उत्तर. हो, तपासलंय. नाही, मी नाही, दुसऱ्यानं. लिहून घ्या: पहिल्या ओळीत पहिलं, दुसऱ्या ओळीत चौथं.

धाकटा: चौथं?

ताई: ह्यापुढे छापण्याआधी प्रत्येक कोडं तुझ्याकडे येईल. हसायचं असेल तर हस.

आई: कागद उचला. तू समोर तुझ्या जागेवर सरक, शेजारी बसलास की तुझं डावं कोपर लागतं तिला.

धाकटा: पण रविवारी पेपर उघडशील तेव्हा तुझीच नक्षी तुला उलटी दिसेल.

ताई: दिसू दे. जन्मभर तुझ्यासमोर बसून जेवतेय मी.