परत करायचा गाऊन

लेकीने हौसेने आणलेला, मला न शोभणारा कोट परत करायला मी त्या बड्या दुकानात रांगेत उभी होते. पुढे सासू-सून, हातात नामांकित डिझायनरचा रेशमी गाऊन. कान काही मी घरी ठेवून आले नव्हते.

"आई, विचारलं तर सांगा, अंगाला लावलाच नाही."

"आणि काल लग्नात मिरवले ते?"

"लेबल आत खोचलं होतं ना! कुणाला कळलं?"

"माझ्या मानेला कळलं. रात्रभर खाजली. पण तुझे सासरे..."

"रागावले?"

"म्हणाले, जरा उभी राहा, बघू दे."

"बाबा? आपले बाबा?"

"चष्मा पुसून पुन्हा म्हणाले."

"अगंबाई! मग आता?"

सासूने गाऊन छातीशी धरला नि माझ्याकडे वळली.

"बाई, तुम्ही व्हा पुढे."