वह्या आल्या, मानूस नाई आला

मंडळी, मास्तर गेले त्याले आज आठ दिवस झाले. तुमी सारे शाळेच्या या ओसरीत जमले. मले बोलाची सवय नाई. मी शेलूबाजारचा मळेवाला मानूस. वांगे विकाले बसलो तरच आवाज चढते. पन न बोलता घरी गेलो तर जेवन जानार नाई. म्हनून ऐका.

मास्तरायनं जलमभर या मंगरूळात इंग्रजी शिकवलं. पेन्शनीत निघाल्यावर एकटेच राहत. आमी सहा जन, म्याट्रिकले इंग्रजीतच आपटलेले, लेकराबाळाचे बाप, पुन्हा त्यायच्याकडं गेलो. त्यायनं आमच्याकडून एकच गोष्ट घोटून घेतली, दोन वाक्यं जोडाची. 'हा मानूस हाये. हा मानूस विहीर खंदते.' जोडा! आमी मराठीसारखंच सुरू करो, 'जो विहीर खंदते...' मास्तर कपाळाले हात लावत. "अबे, इंग्रजीत मानूस आधी उभा कर. मंग 'हू' लाव, आन् मंग सांग तो काय करते. मानसाले 'हू', जनावराले 'विच'."

आमच्यातला गनपत म्हने, "मास्तर, माह्या बैलाले 'हू'च लावा, तो घरचा हाये."

मास्तर लय हासले. "लाव बापा, पन परीक्षेत नको लावू."

दर खेपेले साऱ्यायले येनं जमे ना, मंग नेम ठरला. दर बजाराच्या दिवशी माहा भाऊ भाजीची गाडी घेऊन इथं ये. वांग्याच्या डालग्यावर आमच्या सहा वह्या. मास्तरायच्या शेजारच्या सखुबाईच्या हाती त्या द्याच्या, तपासलेल्या घ्याच्या, आन् बजारात पळाचं. पावसाळ्यात समजलं, मास्तर तापानं पडले. गनपत म्हने, "चाला, पाहून येऊ."

मीच म्हनलं, "कायले? वह्या तपासून येऊन राह्यल्या न? म्हनजे मास्तर बरे हायेत."

हे मी म्हनलं, मंडळी. मी.

चार बजार तसेच गेले. लाल शाईचं अक्षर वाकडं याले लागलं. मले वाटलं, घाईत तपासलं. बायकोले म्हनलं बी, "पाह्य, मास्तरायचं आता आपल्याकडं ध्यान नाई." इतका मी शहाना!

मास्तरायले पोहचवून आलो, तवा सखुबाईनं सांगितलं. बाई इथंच बसल्या हायेत. मास्तरायले बसता येत नव्हतं. पाठीशी गाठोडं लावून, वही छातीवर धरून ते लिहीत. बाई रागावल्या तर म्हनत, "सहा जन वाट पाहून राह्यले." आन् गाडीची घुंगरं वाजली की विचारत, "बाई, सोबत कोनी आलं काय?"

"नाई मास्तर. वह्या आल्या."

दर बजारी विचारलं. दर बजारी वह्याच आल्या.

काहून गेलो नाई मी? गाडी तर येतच होती. गाडीत एका मानसाची जागा नव्हती काय? होती. तिथं मी आनखी एक डालगं ठेवलं.

सखुबाई, तुमी त्यायले पानी पाजलं, तुमच्या पाया पडतो. गनपत, तुले मी थांबवलं, माफ कर. मास्तरायची माफी मांगाले मले तोंड नाई.

आता सारे उभे राहा. घटकाभर कोनी बोलू नका. गनपत, तू बी ये, आपले बाकीचे चौघं बी या, इथं समोर उभे राहा.

मास्तर, आमी सहाही जन आलो.