अनुभव : चार वर्षं

इशिताला मुलांच्या स्की क्लासला सोडून मी लिफ्टच्या रांगेत उभा राहिलो. पुढे एक मराठी जोडपं होतं.

"वेद, तुझ्या पासवर एक्स्पर्ट का लिहिलंय?"

"फॉर्मवर मीच तसं भरलं."

"आपण आजवर स्कीवर उभेही राहिलेलो नाही."

"अगं, रेझ्युमेवर कोणी बिगिनर लिहितं का? चार वर्षांचा अनुभव टाकला."

"कसला अनुभव?"

"अमेरिकेत बॉथेलला आल्यापासून ड्राइव्हवेवरचा बर्फ कोण काढतं?"

"आणि आता वर गेल्यावर?"

"वर गेल्यावर शिकू. जावा तशीच शिकलो होतो, प्रोजेक्ट मिळाल्यावर."

"जावा शिकताना पाय मोडत नाही. मी येत नाहीये. माझा फॉर्म बदलून आण."

"तुझ्या फॉर्मवर थोडं जास्त टाकलंय."

"एक्स्पर्टपेक्षा जास्त?"

"इन्स्ट्रक्टर. काउंटरवरची बाई फार खूश झाली. त्यांची एक टीचर आज आलेलीच नाही."

"वेद."

"हं."

"ही सहा मुलं मगापासून माझ्या मागेमागे का येतायत?"

वेदने वळून मुलं मोजली. मीही मोजली. सहाव्या मुलीने हेल्मेट वर करून मला हात केला.

"बाबा, माय टीचर स्पीक्स मराठी."