पिंपाच्या जागी लावलेला बोर्ड

जबाब
दि. १०/१०/२००७, बुधवार. वेळ सकाळी ११.२० वा.

नाव : आत्माराम काशीनाथ गावंड. वय : ५१ वर्षे. शिक्षण : सातवी पास. व्यवसाय : मशीन निर्माता (स्वतः शिकलेला). राहणार : खारी गाव, भाईंदर पूर्व, जि. ठाणे.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी शेवंती हिच्यासह राहतो. भाईंदर पश्चिमेस माझे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. सव्वीस वर्षे ते मी एकटा चालवतो. मला कोणी बोलावलेले नाही, मी स्वतःहून आलो आहे. रविवार दि. ७ रोजी उत्तन येथे आगेऱ्याच्या मिरवणुकीत ट्रॅक्टर पुढे कलंडून मॅबेल फ्रेडी मुनीस या जखमी झाल्या. त्याबाबत त्यांचे पती फ्रेडी मुनीस यांनी सोमवारी येथे जबाब दिला आहे की, उतारावर ब्रेक दाबायला ते विसरले. तो जबाब बरोबर नाही. फ्रेडीने ब्रेक दाबला होता. हे मी का सांगतो ते पुढे क्रमाने सांगत आहे.

फ्रेडीची उत्तनला पाऊण एकराची भाजीची वाडी आणि थोडी भातशेती आहे. त्याच्या वाडीचे गेट मी १९९४ साली बनवले, तेव्हापासून ओळख. गेट आजपर्यंत कुरकुरलेले नाही. दोन वर्षांपूर्वी फ्रेडीच्या कमरेची गादी सरकली. त्यानंतर खताचे सगळे वाहणे मॅबेलताईंवर आले. रस्त्यापासून आतल्या वाफ्यापर्यंत एकशे दहा पावले आहेत. सुक्या मासळीचे खत डोक्यावर टोपलीतून, दिवसाला तीस-पस्तीस खेपा. मी हे बघितले. मे महिन्यात मी त्यांच्या ओट्यावर बसून बोललो की, "मॅबेलताई, पुढच्या सीझनला तुमच्या डोक्यावरची टोपली मी उतरवीन."

फ्रेडीकडे अठरा हॉर्सपॉवरचा छोटा ट्रॅक्टर आहे, वाडीत फिरणारा. त्याला पुढे लोडर, म्हणजे माल उचलणारे दोन हात आणि बकेट, बसवायचे मी ठरवले. असा लोडर मी आधी कधी बनवला नव्हता. रस्त्याच्या कामावरचा मोठा लोडर दोन दिवस उभा राहून बघितला आणि त्यावरून जमिनीवर खडूने पूर्ण मापात काढला. हात बनवले ७५ बाय ४० च्या लोखंडी चॅनेलचे. बकेट सहा एमएम पत्र्याची, साडेतीन फूट रुंद. हात उचलणारे दोन हायड्रॉलिक सिलिंडर भंगारातल्या टिपरचे होते, त्यांचे सील मी स्वतः बदलले. पिना पंचवीस एमएमच्या, लेथवर काढून घेतलेल्या. पंचनाम्यात बकेटच्या जागी "लोखंडी बादली" असे लिहिले आहे. ती बादली नाही, बकेट आहे. ते दुरुस्त व्हावे.

लोडर पुढे लावला की ट्रॅक्टरचा सगळा भार पुढे जातो आणि मागचा भाग हलका होतो. छोट्या ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. मागची चाके जमिनीला टेकलेली नसली तर ब्रेक दाबला काय आणि न दाबला काय, सारखेच. हे मला माहीत होते. म्हणून मी डांबराच्या जुन्या पिंपात काँक्रीट भरले आणि ते मागे दोन पिनांवर अडकवले. पिंपाचे वजन १६५ किलो. दि. २२ सप्टेंबर रोजी भंगारवाल्याच्या काट्यावर मागची चाके ठेवून मी वजने घेतली. पिंप असताना आणि नसताना, बकेट रिकामी असताना आणि भरलेली असताना, असे चार वेळा. ती माझ्या वहीत पान १४ वर आहेत. त्याच पानावर माझ्याच हाताने लिहिले आहे, "पिंपाशिवाय बकेट भरून उचलू नये. उतारावर अजिबात नाही." खाली लाल रेघ आहे. वही सोबत आणली आहे, ती जमा करतो.

ट्रायल चांगली झाली. सहा दिवस फ्रेडीने लोडरने खत वाहिले. पण पिंप दिसायला वाईट होते. काळे, एका बाजूने चेपलेले. ट्रॅक्टर रस्त्यावर निघाला की पोरे मागे लागायची. फ्रेडीचा धाकटा भाऊ सॅव्हियो चारचौघांत बोलला, "फ्रेडी, पानी भराया चाललास काय? नळ न्हाय काय घरात?" सगळे हसले. फ्रेडीही हसला. मी हसलो नाही. मशीन पुढून बघायचे असते, हे लोक मागूनच बघत होते.

आगेरा म्हणजे नवीन भाताचा सण. शेतातल्या क्रुसाजवळ फादर कणसांना आशीर्वाद देतात आणि मग ती वाजतगाजत चर्चमध्ये नेतात. यंदा कणसे लोडरच्या बकेटमधून न्यायची असे फ्रेडीने ठरवले. मला त्याने खास आमंत्रण दिले आणि सांगितले, फादरना आणि सगळ्या गावाला कळू दे हे कोणी बनवले. मी शनिवारी एक बोर्ड रंगवून घेतला. निळ्यावर पांढरी अक्षरे, "निर्माता – आत्माराम का. गावंड, भाईंदर". अडीच फूट बाय एक फूट, वजन दोन किलो चारशे ग्रॅम.

रविवारी सकाळी सात वाजता मी वाडीत पोहोचलो. ट्रॅक्टरला झेंडूच्या माळा लावणे चालू होते. मागच्या चाकांना सॅव्हियोने लाल क्रेप कागदाच्या फिती बांधल्या होत्या, वर मोठी गाठ. बोर्ड लावायला मागे एकच जागा होती, ती पिंपाची. दोन्ही पिना काढून आम्ही चौघांनी पिंप उतरवून विहिरीजवळ ठेवले आणि त्याच दोन पिनांवर मी बोर्ड अडकवला. चार मिनिटांचे काम. कोणी मला सांगितले नव्हते. मीच सांगितले, मीच केले.

मॅबेलताई लुगडे नेसून, दागिने घालून बाहेर आल्या. त्यांनी ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली आणि मला विचारले, "दादा, मागचं पिंप कुठं हाय?" मी सांगितले की, आज शोभेचे काम आहे, खताचे नाही. त्या म्हणाल्या, "तुम्हीच सांगलेलं ना, त्याच्याबिगर उचलायचं न्हाय म्हनून?" मी सर्वांसमोर त्यांना बोललो, "मॅबेलताई, मशीन मी बनवलंय की तुम्ही?" त्या म्हणाल्या, "तुम्ही बनवलंय, बाबा," आणि बायकांच्या घोळक्यात गेल्या. फ्रेडीने माझ्याकडे बघितले. मी मान डोलावली. त्या मान डोलावण्यावर तो सीटवर बसला.

बकेटमध्ये चर्चला द्यायच्या नव्या भाताच्या गोण्या ठेवायच्या होत्या आणि वर कणसे. सॅव्हियोने तीन गोण्या ठेवल्या. मी आणखी दोन ठेवायला लावल्या, म्हणजे कणसे उंच दिसतील. पाच गोण्या, प्रत्येकी पन्नास किलो. बकेट जमिनीपासून तीन फुटांवर होती. क्रुसाजवळची प्रार्थना झाल्यावर मी फ्रेडीला खूण करून ती पाच फुटांवर घ्यायला लावली, कारण मागच्या माणसांना दिसत नव्हती. फादर मला म्हणाले, छान काम केलेत. तेव्हा आठ चाळीस झाले होते.

क्रुसापासून रस्त्यापर्यंत साठ फुटांचा उतार आहे. पुढे बँड, मग कणसे घेतलेल्या बायका, मग ट्रॅक्टर. मी ट्रॅक्टरच्या मागे डाव्या बाजूला चालत होतो, म्हणजे बोर्डाच्या जवळ. फ्रेडी पहिल्या गिअरमध्ये होता, माणूस चालतो त्यापेक्षा हळू. वळणावर बँड थांबला म्हणून बायका थांबल्या. ट्रॅक्टर थांबला नाही. मी चाकाकडे बघितले. डावे मागचे चाक जमिनीपासून चार बोटे वर होते. त्याची लाल गाठ वरच्या बाजूला होती आणि तिथेच होती. ट्रॅक्टर पुढे जात होता आणि चाक फिरत नव्हते. ब्रेक दाबल्याशिवाय चाक असे थांबत नाही. हे मी दोन हातांवरून बघितले आहे. मग मागचा भाग आणखी वर आला, बोर्ड माझ्या छातीपर्यंत आला. मी दोन्ही हातांनी तो धरून खाली ओढला. माझे वजन ६१ किलो आहे. ते पुरले नाही.

बकेट खाली आली. बाकीच्या बायका बाजूला झाल्या. मॅबेलताई शेवटच्या ओळीत होत्या.

गोण्या उतरवून बकेट उचलायला नऊ मिनिटे लागली. त्यांच्या डाव्या गुडघ्याखालची दोन्ही हाडे मोडली आहेत आणि घोटा चिरडला आहे. मीरा रोडच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झाले. डॉक्टर सांगतात, काठी घेऊन चालतील, पण डोक्यावर ओझे आता कधीच नाही.

त्या दिवशी पंचनाम्याच्या वेळी साहेबांनी मला विचारले होते की, मशीनमध्ये काही बिघाड होता काय. मी सांगितले, माझे एकही वेल्डिंग तुटलेले नाही. तसे लिहिलेले आहे आणि ते खरे आहे. आजही तुटलेले नाही. त्यापुढे साहेबांनी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. पिंप तेव्हा विहिरीजवळ होते.

काल मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता मी हॉस्पिटलात गेलो. फ्रेडी बाहेर बाकावर बसला होता. मी त्याला विचारले, ब्रेक दाबला नाही असे का सांगितलेस. तो म्हणाला, "त्याच्यावर तुझं नाव हाय, आत्माराम. माझं काय, मी भाजीच लावनार. तुझ्याकडं उद्या गेट बनवाया कोन येईल?" मी म्हणालो, तुझ्यावर केस होईल. तो म्हणाला, "होऊ दे. मॅबेल माझीच बायको हाय, तिला न्हाय काय वाटनार." मी चाकाचे सांगायला लागलो. तो मध्येच म्हणाला की, ब्रेक मी दाबला होता, मला माहीत आहे, तू नको सांगू.

मग मी आत गेलो. मॅबेलताई जाग्या होत्या. मी काय बोलावे ते ठरवून गेलो होतो. त्याच म्हणाल्या, "तुम्ही म्हनालेलात ना दादा, टोपली उतरवीन म्हनून. उतरवलीत." त्या हसत होत्या. रागाने नाही. त्यांनी मला डब्यातला केक घ्यायला लावला. पिंपाचे नाव त्यांनी एका शब्दानेही काढले नाही.

घरी येऊन मी शेवंतीला सगळे सांगितले. ती म्हणाली, "मग इथे कशाला सांगता? मी काय लिहून घेणार आहे?" सकाळी तिने शर्टाला इस्त्री करून ठेवली होती.

तरी माझे सांगणे असे की, फ्रेडी मुनीस यांची ट्रॅक्टर चालवण्यात काही चूक नाही. त्यांनी वेळेवर ब्रेक दाबला होता. पिंप मी काढले, जास्तीच्या दोन गोण्या मी ठेवायला लावल्या, बकेट मी उंच करायला लावली, आणि मॅबेल मुनीस यांनी विचारले असता त्यांना मी गप्प केले. पिंप अजून वाडीत विहिरीजवळ आहे. उचलायला चार माणसे लागतील, नीट धरले नाही तर कडेने बोट चेंगरते. बोर्ड आपल्या ताब्यात आहे, तो मला परत नको.

हा जबाब हवालदारसाहेबांनी मला मराठीतून सावकाश वाचून दाखवला. त्यात एक दुरुस्ती मी माझ्या सांगण्यावरून करून घेतली आहे. वर व्यवसायाच्या जागी मी सुरुवातीस "मशीन निर्माता" असे सांगितले होते. ते खोडून "लोखंडी ग्रिल व गेट बनवणे" असे लिहून घेतले आहे. खोडलेल्या जागी माझी सही आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच उतरले आहे.

जबाब देणार,
(सही) आत्माराम काशीनाथ गावंड