फोटोखालचे तीन शब्द

बबिता : चहा नको, शामभाऊ. आधी माह्या फोटोखालचे ते तीन शब्द काढा.

शाम : कोणते?

बबिता : हातभट्टी, धाड, अटक. पुसदच्या दवाखान्यातल्या विमलताईंनी मोबाईलवर माहं नाव टाकून पाह्यलं. नर्सिंगच्या सत्काराचा फोटो आला अन् खाली हे. दोन वाजेपर्यंत खुलासा दे म्हणे, नाहीतर नोकरी दुसरीले.

शाम : पण धाडीची बातमी अलग आहे. ते हायवेवरच्या धाब्यामागचं प्रकरण.

बबिता : पान तर एकच आहे.

शाम : चौकातल्या फळ्यावर बातम्या लिहायचो, तवाची सवय. घाटंजीच्या दिवसभराच्या पाच बातम्या वेबसाईटच्या एका पानावर टाकतो. टॅग साऱ्या पानाले मिळून. त्या शब्दांवरून लोकांले पान सापडते.

बबिता : एकेका बातमीले लावता येत नाही?

शाम : येते. पाच वेळा बसा लागते.

बबिता : तुम्ही बसले नाही, म्हणून मले अटक झाली.

शाम : तसं नको बोलू, बाई.

बबिता : हेडमास्तरचाही फोटो त्याच पानावर आहे. त्यायले कोणी इचारलं? माह्या नावापुढं तांडा आहे, म्हणून माह्याच खाली हातभट्टी खरी वाटली.

(शाम टाईप करतो.)

शाम : हे पाह्य. धाडीचे शब्द धाडीच्या बातमीले लावले. तुह्या बातमीले नर्सिंग, सत्कार.

बबिता : माह्या मोबाईलवर तेच दिसून राह्यलं.

शाम : सरळ पान उघडलं तर नवं दिसते, पण नाव शोधलं की जुनी नक्कल येते. ती बदलाले दोन-तीन दिवस लागन.

बबिता : दीड वाजला, भाऊ.

शाम : लाव ताईले फोन. स्पीकरवर टाक.

विमलताई : बोला.

शाम : ताई, घाटंजीचं ते बातम्यांचं पान माहं आहे. ते शब्द दुसऱ्या बातमीचे होते. चूक माही.

विमलताई : तोंडी सांगून डॉक्टरांना पटणार नाही. पानावर लिहा. मी दोनला उघडून दाखवते.

शाम : लिहितो. खाली, शेवटी...

बबिता : सगळ्यात वर.

शाम : वर लिहिलं तर लोक हासतीन माह्यावर.

बबिता : दोन दिवस माह्यावर हासले.

शाम : बरं. वर. तांडा हा शब्द गाळू काय? साफ दिसन.

बबिता : नाही. बबिता धावजी राठोड लिहा. मंग तांडा. मंग तुमची चूक.