पान हललं होतं

नाही, मला सांगा, झाडाचं पान हलतं की नाही? वारा आला की हलतं, नाही आला तरी हलतं! मग फोटो हलला की सगळ्यांना माझा हातच का दिसतो? चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतोय, केसाएवढी स्प्रिंग चिमट्यानं बसवतोय, आणि आता हौस म्हणून कुंडीतल्या कोळ्याचे... शर्टाच्या गुंडीपेक्षा लहान कोळी हो, आठ डोळ्यांनी टकामका बघतो... त्याचे चार फोटो धुरकट आले, तर मुलगी काय म्हणते? "बाबा, तुमचा हात थरथरतो का?" म्हटलं, पान हललं होतं.

"मग ट्रायपॉड घेऊ. त्यावरूनही फोटो हलला तर पान. नाही हलला तर डॉक्टर."

म्हणजे दोन्हीकडून पंचाईत, हलला तर फोटो वाया, नाही हलला तर दुकान! कारण डॉक्टरांच्या पुढचं मला पाठ आहे, "आता दुकान पुरे, आराम करा." आराम करून करायचं काय, भिंतीवरचं घड्याळ बघत बसायचं? भीती वाटत होती, तुमच्यापासून कशाला लपवू.

गेलो दोघं कॅमेऱ्याच्या दुकानात. दुकानदार सुरूच झाला, "काका, हा घ्या, ठेंगणा पण दणकट. मधली दांडीच नाही, पाय असे फाकवले की कॅमेरा पार जमिनीलगत." तुम्हाला सांगतो, लोक दणकट ट्रायपॉड शोधतात, मी मनातल्या मनात लुळा शोधत होतो! म्हटलं, यापेक्षा जरा डुगडुगणारा नाही का? त्यानं माझ्याकडे असं बघितलं... मग ट्रायपॉडवर पाण्याचा ग्लास ठेवला आणि टेबलावर बुक्की मारली. थेंब सांडला नाही. "आता ग्लास उचला, काका." उचलला. बाही कोपरापर्यंत ओली. म्हटलं, काठोकाठ भरलाय तुम्ही! त्यानं फडक्यानं टेबल पुसलं. मुलीनं नुसता रुमाल पुढे केला. बोलली असती तर बरं झालं असतं हो... मीच म्हटलं, त्या दिवशी मात्र पान हललं होतं.

सकाळी गॅलरीत पालथा पडलो. दारातून बायको, "अहो, उठता येईल ना?" ते नंतर बघू! कोळी पानावर, कॅमेरा समोर. बटण दाबायचं, हात मागे घ्यायचा, दोन सेकंदांनी फोटो आपोआप निघतो. त्या दोन सेकंदांत मी काय मागितलं असेल? वारा! एक झुळूक, कुणी दार आपटलं तरी चालेल... पण पान ढिम्म हललं नाही.

फोटो असा आला की पुढचे चार डोळे चमकतायत, पायांवरचे केस मोजून घ्यावेत. आयुष्यात काढलेला सगळ्यात चांगला फोटो, आणि मला दरदरून घाम फुटला. मुलीनं फोटो मोठा करून बघितला. मग हळूच म्हणाली, "बाबा, घेऊ का वेळ डॉक्टरांची?"

म्हटलं, घे. पण दुपारची घे, सकाळी उजेड चांगला असतो.