कापलेली वात

कुया तेबान : ही पट्टी माझ्या टेबलाखाली कशी आली, लिवाय?

लिवाय : कचरा आहे, कुया. झाडायची राहून गेली.

कुया तेबान : कचरा आहे ते मलाही दिसतंय. ही स्टीलची जाळी भाजलेली आहे. भाजलेल्या जाळीला ह्या दुकानात कोणी कात्री लावत नाही. आधी कापायची, मग गुंडाळायची, मग भाजायची.

लिवाय : माहीत आहे मला. पण जाळीची वळलेली वात जाड झाली होती. व्हेपच्या टाकीला जे भोक असतं त्यात जाईचना. जोर लावला असता तर भोकाच्या काठाला घासली असती. म्हणून उलगडली, कडेची एवढीशी पट्टी काढली आणि पुन्हा गुंडाळली. अगदी अलगद बसली मग.

कुया तेबान : आणि पुन्हा भाजलीस?

लिवाय : ती काळी होतीच की.

कुया तेबान : इकडे ये. खिडकीपाशी. ही पट्टी धर उजेडात आणि कड बघ. वरून नको बघू, कात्री जिथून गेली तिथे बघ.

लिवाय : चकाकतेय.

कुया तेबान : का चकाकतेय?

लिवाय : कच्ची आहे म्हणून.

कुया तेबान : आणि कच्च्या जाळीवर तार वेटाळली की काय होतं? तू रोज गिऱ्हाइकांना समजावतेस ना, मला समजाव आता.

लिवाय : भाजलेल्या जाळीवर थर धरतो, त्यातून वीज जात नाही. कच्चीवर थर नसतो. तारेतली वीज तारेतून न जाता सरळ जाळीतून पळते. शॉर्ट होतं. पण कुया, मी मीटर लावला होता. आकडा बरोबर आला. बटण दाबून बघितलं, कॉइल मधोमध लाल झाली आणि दोन्हीकडे सारखी पसरली. तुम्हीच म्हणता, मधून पेटली की जमली.

कुया तेबान : टेबलावर जमली. टेबल हलत नाही. कापलेल्या कडेचे तंतू आज निजलेले असतात, उद्या धक्के बसले की उठतात आणि तारेत घुसतात. कोणाची होती ही वात?

लिवाय : घरचीच.

कुया तेबान : घरची म्हणजे?

लिवाय : तातायची.

कुया तेबान : तुझ्या बापाची, सेलोची. म्हणजे त्या पितळेच्या नळीत गेली ती.

लिवाय : त्यांना डबीवाली व्हेप आवडत नाही. म्हणतात, रेडिओ ओढल्यासारखं वाटतं. नळी बोटांत धरता येते. कुया, मला त्यांची सिगारेट सोडवायची होती हो. जिना चढताना मधल्या पायरीवर बसतात ते.

कुया तेबान : डबी असती तर शॉर्ट झाल्याबरोबर आपोआप बंद पडली असती. नळीत काही नसतं. एक बॅटरी, एक बटण, संपलं. शॉर्ट झाली की बटणाखालची स्प्रिंग तापून बसते, मग बोट काढलं तरी चालूच राहते. खिशात ठेवताना कडी फिरवून बटण बंद करतो का तो?

लिवाय : नाही करत. मी सांगून सांगून थकले. कुठे ठेवतात विचारा मला.

कुया तेबान : कुठे?

लिवाय : शर्टाच्या खिशात. डाव्या.

कुया तेबान : फोन लाव त्याला.

लिवाय : प्रवाशांची जीपनी चालवताना उचलत नाहीत ते.

कुया तेबान : तरी लाव.

लिवाय : वाजतोय. वाजतोय नुसता. कुया, तुम्ही पाहिलंय का कधी? म्हणजे, बॅटरी फुटताना?

कुया तेबान : एकदा.

लिवाय : त्या माणसाचं काय झालं?

कुया तेबान : पुन्हा लाव फोन.

लिवाय : काय झालं त्याचं?

कुया तेबान : लिवाय, पुन्हा लाव म्हटलं ना.

लिवाय : नाही उचलत. आज दुपारची फेरी शाळेवरून आहे त्यांची. मागे सगळी पोरं बसलेली असतील.

कुया तेबान : टर्मिनलवर लाव मग. दोरोला. गाड्यांत माणसं भरतो तो, कुठली गाडी कुठे आहे हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसेल. आणि स्पीकरवर टाक, मलाही ऐकू दे.

(फोनचा स्पीकर चालू. मागे गाड्यांची घरघर.)

दोरो : हॅलो, कोण? चर्च, पूल, बाजार! एक जागा आहे, मावशी, जरा सरकून बसा, सगळ्यांना घरीच जायचंय. हॅलो?

लिवाय : दोरोकाका, मी लिवाय बोलतेय. ताताय आहेत तिथे?

दोरो : लिवाय. अगं, सेलो ना? तो गेला फेरीवर. आत्ताच गेला बघ.

लिवाय : मग पुढच्या गाडीवाल्याला सांगा, त्यांना गाठून थांबवा. खिशातली नळी काढून लांब ठेवायला सांगा. बटणाला हात न लावता बॅटरी काढायची. काढता आली नाही तर तशीच टाकून द्यायची. मस्करी नाही, दोरोकाका, पाया पडते तुमच्या.

दोरो : नळी. बरं. सांगतो, सांगतो मी.

कुया तेबान : दोरो, मी तेबान. तू एवढा गप्प कधीपासून झालास?

दोरो : गप्प कुठे? गर्दी आहे इथे.

लिवाय : मागे कोण खोकलं?

दोरो : कोण? इथे सगळेच खोकतात. धूर काय कमी आहे?

लिवाय : तो खोकला माझ्या ओळखीचा आहे. रात्र रात्र ऐकलाय मी भिंतीपलीकडून. ताताय तुमच्या शेजारी आहेत. फोन द्या त्यांना.

दोरो : सेलो, मी प्रयत्न केला. घे बाबा, तूच बोल.

सेलो : काय गं पोरी? कामाच्या वेळी फोन कशाला करतेस?

लिवाय : ताताय, नळी कुठे आहे?

सेलो : आहे की.

लिवाय : कुठे?

सेलो : गटारात टाकली. फुसफुसत होती, मग फटाक्यासारखी वाजली. कोणाला लागलं नाही. मी बघितलं आजूबाजूला.

लिवाय : आणि तुम्हाला?

सेलो : जरासं.

दोरो : जरासं कसलं. शर्ट जळून आत गेलाय. मी टूथपेस्ट लावलीय, पण जळजळ थांबत नाही.

कुया तेबान : धुऊन टाक ती पेस्ट आधी. नळाखाली बसव त्याला, थंड पाणी सतत पडू दे. कापड चिकटलं असेल तर ओढू नकोस. आणि तिथून सरळ दवाखाना. ऐकलंस, दोरो?

दोरो : ऐकलं. चल सेलो, ऊठ. फोन धरतो मी, तू बोल चालता चालता.

लिवाय : ताताय, कसं झालं?

सेलो : अगं, चर्चपाशी दोन झुरके घेतले आणि खिशात टाकली. पुलावर चढलो तेव्हा छातीला गरम लागायला लागलं. म्हटलं, इंजिन तापलं असेल, आज ऊनही आहे. मग समजलं.

लिवाय : मग काढून फेकायची ना.

सेलो : पुलावर? मागे शाळेची पोरं होती, एक तर मांडीवर बसलेलं दुसऱ्याच्या. समोरून ट्रक येत होते. हात सोडला असता तर गाडी कुठे गेली असती सांग. पुलापलीकडे गेलो, ब्रेक लावला, मग काढली.

लिवाय : पूल संपेपर्यंत तशीच ठेवलीत खिशात?

सेलो : पूल काही एवढा मोठा नाही.

लिवाय : मोठा आहे, ताताय.

सेलो : पोरांना काही कळलंही नाही. उलट हसत होती, मी शर्ट झटकत नाचतोय असं वाटलं त्यांना. दुसऱ्या गाडीत बसवून दिली सगळी आणि इकडे परत आलो.

लिवाय : माझी चूक होती ती. वात कापली मी भाजल्यावर आणि पुन्हा भाजली नाही. मला भोकात बसवायची घाई होती. मी तुम्हाला सिगारेटपासून वाचवायला गेले आणि हे असं.

सेलो : मला काय कळतंय त्यातलं? वात काय नि जाळी काय.

लिवाय : मला फोन का नाही केलात?

सेलो : तू कामावर होतीस.

दोरो : खोटं बोलतोय. फोन हातात घेऊन बसला होता केव्हाचा. मला म्हणाला, तिचा आला तर सांग, फेरीवर गेलो.

लिवाय : का, ताताय?

सेलो : पाणी फार गार आहे हे, दोरो.

लिवाय : सांगा मला.

सेलो : सगळे जमले ना इथे. कुठली नळी, आत काय होतं, कोणी बनवलं, एकच चालू केलं. आणि रोज मीच ह्यांना दाखवायचो. माझ्या पोरीने वळलीय वात, धूर बघा किती गोड येतो. तुला सांगत नव्हतो, पण फार मिरवलं मी. म्हणून आज म्हणालो, ती तिची नव्हती. तिची मोडली, ही बाजारातून घेतली होती.

लिवाय : असं म्हणालात?

सेलो : चार लोकांत तुझं नाव निघालं असतं. आता कुठे तुझ्या हाताला काम लागलंय. माझी कातडी काय, येईल परत.

कुया तेबान : लिवाय, चप्पल घाल. मी शटर ओढतो.

लिवाय : थांबा, कुया. ताताय, तुमची बघून तिथल्या गाडीवाल्यांपैकी कोणी कोणी वाती घेतल्या माझ्याकडून?

सेलो : बेनिंगने घेतली. ओतोयने घेतली, त्याच्या मेहुण्यालाही दिलीस. का?

कुया तेबान : त्यांतल्या कापल्या होत्यास?

लिवाय : नाही. नसाव्यात. कुया, मला खात्री देता येत नाही. आत्तापर्यंत कापण्यात काही चुकतंय असं मला वाटतच नव्हतं, मग लक्षात कशाला राहील?

सेलो : पोरी, मी सांगतो त्यांना हळूच. काहीतरी निमित्त काढून. तुझं नाव नको मध्ये.

लिवाय : निमित्त काढेपर्यंत एखादा पुलावर असेल. दोरोकाका, फोन तुमच्याच हातात आहे ना?

दोरो : आहे. बोल.

लिवाय : तुम्ही गाड्या भरताना ओरडता ना, तसं ओरडा. शेवटच्या गाडीपर्यंत जाऊ दे आवाज. ज्याच्या ज्याच्या खिशात सेलोच्या पोरीने वळलेली वात आहे, त्याने आत्ताच्या आत्ता बॅटरी काढायची.

दोरो : नाव घेऊन ओरडू?

सेलो : दोरो, नको.

लिवाय : हो, दोरोकाका. नाव घेऊन.